इंग्रजीचे अवघड शब्द पाठ होतात पण टिकत नाहीत, काय करावं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. दारव्हा तालुक्यातली एक मुलगी, शिक्षण मराठी मीडियम, बीए झालेली, तलाठी भरती आणि एसएससी (दहावी नाही, केंद्र सरकारच्या नोकऱ्यांची परीक्षा) दोन्हीची तयारी करून राहिली. बाजारातून व्होकॅबचं जाड पुस्तक आणलं, रोज पन्नास शब्द अर्थासकट पाठ करते, आठ दिवसांनी पहिल्या दिवसाचे शब्द कोरे. जे आठवतात त्यातही पेपरात चार पर्याय समोर आले की गोंधळ होतो. तिनं विचारलं, "सर, माझी मेमरीच खराब आहे का? अन् अर्थ मराठीत लिहू का इंग्रजीत?"

ताई, सगळ्यात पहिले हे डोक्यातून काढ की मेमरी खराब आहे. जिला गावातल्या कोणाच्या घरची सोयरीक कुठं झाली, कोणाचा धुरा कोणाच्या वावराला लागून आहे हे सगळं न लिहिता लक्षात राहते तिची मेमरी खराब कशी असणार. मी तालुक्याच्या गावाला इंग्रजी शिकवतो, बरीच वर्षं झाली, माझ्याकडं येणारी पोरं बहुतेक कास्तकारांच्या घरची, झेडपीच्या शाळेतून आलेली, अन् हीच तक्रार दरवर्षी नव्या तोंडून ऐकतो. पद्धत चुकीची असते, पोरगं चुकीचं नसते.

जर्मनीत हर्मन एबिंगहाउस म्हणून एक मानसशास्त्रज्ञ होता, त्यानं १८८५ साली स्वतःवर केलेले प्रयोग छापले. काहीच अर्थ नसलेले अक्षरांचे तुकडे तो पाठ करायचा अन् किती वेळानं किती विसरले ते मोजायचा. त्यात दिसलं की विसरणं सुरुवातीलाच झपाट्यानं होते, पहिल्या काही तासांत अन् पहिल्या एक-दोन दिवसांत सगळ्यात जास्त, मग वेग मंदावते. आता तुझे पन्नास शब्द बघ, एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही, कुठं वाचलेले नाहीत, कोणाच्या तोंडून ऐकलेले नाहीत, म्हणजे तुझ्यासाठी तेही अर्थ नसलेले तुकडेच झाले, समोर एक मराठी शब्द चिकटवला तरी. धूळपेरणी केली अन् पुढं पाऊसच आला नाही तर बियाणं कितीही चांगलं असून काय उपयोग, तसंच होऊन राहिलं हे.

त्यातही ते पुस्तक अल्फाबेटनं लावलेलं असते. अबेट, अ‍ॅब्डिकेट, अ‍ॅबरेशन, अबेयन्स, अ‍ॅबहॉर, हे सगळे एका दिवशी. सगळ्यांची सुरुवात सारखी, स्पेलिंग जवळजवळचं, ते एकमेकांत मिसळणारच. मी कितीतरी पोरांच्या वह्या बघितल्या, पहिली पानं रंगीत पेननं सजवलेली असतात, ए संपतो, बी अर्धा होतो अन् पुढं वही कोरी. म्हणून माझं पहिलं सांगणं, ते पुस्तक फेकू नको पण त्याला डिक्शनरीसारखं वापर, शब्द दुसरीकडं भेटला की त्यात जाऊन बघायचं. पान एकपासून पाठ करायचं बंद.

मग कोणते शब्द घ्यायचे, तर यावर जगात बरंच काम झालेलं आहे. मायकेल वेस्ट नावाच्या इंग्रज शिक्षकानं, हा माणूस तेव्हाच्या ब्रिटिश भारतात, बंगालमध्ये, बरीच वर्षं शिक्षणाच्या कामात होता, १९५३ मध्ये रोजच्या इंग्रजीतल्या साधारण दोन हजार शब्दांची यादी काढली. नंतर न्यूझीलंडच्या अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड बाईंनी २००० साली अभ्यासाच्या पुस्तकांत वारंवार येणाऱ्या ५७० शब्दकुटुंबांची यादी काढली, शब्दकुटुंब म्हणजे अ‍ॅनालाइझ, अ‍ॅनालिसिस, अ‍ॅनालिटिकल हे सगळं मिळून एक. त्या ५७० मध्येच अभ्यासाच्या मजकुराचे दहा टक्क्यांच्या आसपास शब्द येऊन जातात. अन् पॉल नेशन म्हणून तिथलेच अभ्यासक आहेत, त्यांनी २००६ मध्ये हिशोब मांडला की पेपर किंवा कादंबरी फारसं न अडखळता वाचायची तर आठ ते नऊ हजार शब्दकुटुंबं लागतात. आकडा ऐकून घाबरू नको, त्यातले बरेचसे तुझ्याजवळ आहेत, शाळेतून आले, मोबाईलमधून आले. पण क्रम लक्षात घे. पहिले ते दोन हजार पक्के, मग ते ५७०, अन् मग एसएससीवाले अवघड शब्द. माझ्याकडं पोरं येतात त्यांना ऑब्स्ट्रेपरस चा अर्थ पाठ असते पण अझ्युम अन् प्रिझ्युम मध्ये फरक विचारला तर सांगता येत नाही, अन् उताऱ्यावरचे प्रश्न तिथंच जातात. दोन्ही याद्या इंटरनेटवर फुकट मिळतात, एका रात्री बसून फक्त टिक मारत जा, येतो-येत नाही, येतो-येत नाही. जे येत नाहीत तो तुझा खरा सिलॅबस.

आता मुद्द्यावर येतो, तू म्हणते पर्याय समोर आले की चुकते. काहून चुकते ते सांगतो. तुझ्या वहीत माझ्या अंदाजानं असं लिहिलेलं असेल, मिटिगेट म्हणजे कमी करणे. अलिव्हिएट म्हणजे कमी करणे. अबेट म्हणजे कमी होणे. कर्टेल म्हणजे कमी करणे. डिप्लीट म्हणजे कमी होणे. डिमिनिश म्हणजे कमी होणे. सगळे बरोबर अन् सगळे बिनकामाचे, कारण पेपर काढणारा तुला हेच विचारणार की या सहापैकी या वाक्यात कोणता बसते.

आता आपल्याच बोलण्याकडं बघ. पूर ओसरते, ताप उतरते, विहीर आटते, सूज बसते, राग निवते, खर्चाला कात्री लागते. कोणी म्हणते का की विहीर ओसरली अन् ताप आटला? लहान लेकरूही म्हणणार नाही, अन् त्याला कोणी नियम शिकवलेला नाही, त्यानं तो शब्द दरवेळी त्याच सोबत्यासंगं ऐकला. इंग्रजीतही तेच आहे. अबेट होते ते वादळ, पूर, ताप, आपोआप जोर ओसरणारं काहीतरी. डिप्लीट होते तो साठा, जमिनीतलं पाणी, बँकेतला पैसा, म्हणजे वापरून वापरून आटणारी गोष्ट. कर्टेल करतात खर्च, अधिकार, कार्यक्रम, म्हणजे मधातूनच छाटणं. अलिव्हिएट करतात वेदना, गरिबी, त्रास, मूळ कारण तिथंच राहू शकते पण भोगणाऱ्याला आराम पडते. मिटिगेट करतात धोका, नुकसान, परिणाम, म्हणजे आपत्ती येणारच आहे पण तिचा तडाखा सौम्य करायचा, म्हणून सरकारी कागदात दुष्काळ अन् पुराच्या बाबतीत तोच शब्द दिसते. डिमिनिश मोकळा आहे, महत्त्व, आशा, ताकद, कशाहीसोबत चालते.

म्हणून वहीत शब्द एकटा लिहायचाच नाही. सोबत्यासकट लिहायचा. डिप्लीट लिहू नको, "डिप्लीटेड ग्राउंडवॉटर" लिही. कर्टेल लिहू नको, "कर्टेल एक्स्पेन्सेस" लिही. (मी इथं देवनागरीत टाकून राहिलो, तू वहीत इंग्रजी अक्षरांतच लिहिशील, स्पेलिंगची सवय त्यातूनच होते.) सोबतीसकट लिहिलेले दोन शब्द एकट्या शब्दापेक्षा लवकर लक्षात राहतात, अन् रिकाम्या जागेच्या प्रश्नात तर अर्धं उत्तर तिथंच मिळते.

फक्त एक काळजी घे. हे सहा एकाच दिवशी पाठ करायला बसू नको. एकाच अर्थाचे नवे शब्द एकत्र शिकले की ते एकमेकांना खातात, हा अनुभव वर्गातही येते अन् संशोधनातही तेच दिसलं आहे. आज डिप्लीट भेटला तर तेवढाच. पंधरा दिवसांनी दुसरीकडं अबेट भेटेल. चार-पाच वेगवेगळे पक्के झाले की मग एका रविवारी त्यांना एका पानावर आणून फरक लावायचा. विरुद्धार्थी शब्दांचंही तसंच.

अन् शब्दाचा रंग बघायचा. काटकसरी माणसाला फ्रुगल किंवा थ्रिफ्टी म्हटलं तर ती स्तुती आहे, स्टिंजी किंवा मायझर्ली म्हटलं तर शिवी आहे, पैसा दोघंही कमीच खर्च करतात. टेनेशियस म्हणजे चिकाटीचा, ऑब्स्टिनेट म्हणजे हेकेखोर. फेमस अन् नोटोरियस चं तसंच. वहीत शब्दाच्या बाजूला अधिक किंवा वजा असं बारीक चिन्ह काढत जा, दोन सेकंदाचं काम आहे अन् सिनोनिमच्या प्रश्नात लय कामी येते.

आता हे शब्द भेटायचे कुठं. इथं मी जरा जास्त लिहिणार आहे कारण आपली पोरं इथंच चुकतात. कोणीतरी सांगते की दिल्लीच्या मोठ्या पेपरचं संपादकीय रोज वाच. पोरगं बसते, परराष्ट्र धोरणावर लेख असते, विषयच माहीत नाही, भाषाही माहीत नाही, दोन्हीकडून अंधार, आठ दिवसांत सुटते. नव्या शब्दाचा अंदाज तेव्हाच लागते जेव्हा आजूबाजूचं जवळपास सगळं समजलेलं असते. म्हणून माझं सांगणं, विषय आपला घे, भाषा नवी घे.

नागपूरचा हितवाद घे. १९११ साली गोपाळ कृष्ण गोखल्यांनी सुरू केलेला इंग्रजी पेपर आहे, आजही निघते अन् त्यात यवतमाळ, चंद्रपूर, गडचिरोलीच्या बातम्या असतात. वाघानं गुराखी मारला, सोयाबीनला भाव नाही, नदीला पूर येऊन रस्ता बंद, ही बातमी तुला मराठीत आधीच माहीत असते. सकाळी मराठी पेपर वाचलेला असते किंवा पारावर ऐकलेलं असते. मग तीच बातमी इंग्रजीत वाचताना "मरून्ड" किंवा "स्ट्रँडेड" आला तर अर्थ बघायची गरजच पडत नाही, पुरात अडकून पडलेले लोक डोळ्यासमोर असतात. असा डोक्यातून निघालेला अर्थ सहसा जात नाही.

त्याहून जवळची गोष्ट म्हणजे हवामान खात्याचा अंदाज. नागपूरच्या प्रादेशिक केंद्रातून विदर्भाचा अंदाज इंग्रजीत येते, जूनपासून घरोघर मोबाईलवर तोच फिरते. त्यात एक शब्द असते "आयसोलेटेड प्लेसेस". आपल्या मराठी अंदाजात त्याला तुरळक ठिकाणी म्हणतात, अन् खात्याच्या हिशोबानं २५ टक्के किंवा त्याहून कमी केंद्रांवर पाऊस. त्याच्या वर "स्कॅटर्ड", २६ ते ५० टक्के. मग "फेअरली वाइडस्प्रेड", ५१ ते ७५. त्याच्या वर नुसतं "वाइडस्प्रेड". बघ, चार शब्द अन् चारही एका पट्टीवर, कोणता किती मोठा ते ठरलेलं. पुढं उताऱ्यात "आयसोलेटेड इन्सिडंट" आला की तू चटकन म्हणशील, तुरळक घटना, सगळीकडं नाही. तिथंच "डेफिशियंट" भेटते, सरासरीपेक्षा २० ते ५९ टक्के कमी पाऊस, तिथंच मान्सूनचं "ऑनसेट" अन् "विथड्रॉवल" भेटते. ऑनसेट मग डॉक्टरच्या भाषेत आजाराच्या सुरुवातीला भेटेल, विथड्रॉवल बँकेत भेटेल अन् निवडणुकीत अर्ज मागं घेताना भेटेल.

तिसरी जागा कापूस. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचे अन् कृषी विद्यापीठाचे सल्ले इंग्रजीतही असतात, मराठीतही. गुलाबी बोंडअळीचा कामगंध सापळा तुमच्या शेतात असेलच. त्याचा नियम आहे की एका सापळ्यात रोज आठ पतंग, सलग तीन रात्री आले तर फवारणीचा विचार करायचा. इंग्रजीत हेच वाच, त्यात "थ्रेशोल्ड" आहे, ज्या पातळीपुढं नुकसान परवडत नाही ती सीमा. "कन्सेक्युटिव्ह" आहे, सलग. "इन्फेस्टेशन" आहे, किडीचा प्रादुर्भाव. अन् वाणाचं वर्णन करताना "ससेप्टिबल", "टॉलरंट", "रेझिस्टंट" हे तीन. ससेप्टिबल म्हणजे लवकर बळी पडणारं, टॉलरंट म्हणजे कीड येते पण उत्पन्न फार घटत नाही, रेझिस्टंट म्हणजे किडीला टिकूच देत नाही. तुझ्या वडिलांना इंग्रजी येत नसेल पण हा फरक ते तुला पुस्तकापेक्षा चांगला सांगतील. त्यांना विचार, मग त्या तीन शब्दांची वाक्यं लिही. ससेप्टिबल च्या मागं "टू" येते, हेही त्याच वाक्यात लक्षात राहील, अन् एररच्या प्रश्नात हमखास तोच टू बदललेला असते.

टिकवायचं कसं, ते सांगतो. लग्नाच्या पत्रिका घरात पडून असतात, त्यांची मागची बाजू कोरी असते अन् कागद जाड असते, त्याच कापून कार्ड बनव. पुढं शब्द अन् मागं अर्थ, असं नाही. पुढं वाक्य लिही, शब्दाच्या जागी रेघ मार, मागं शब्द लिही. म्हणजे पुढं असं असेल, "हेवी रेन अ‍ॅट रेघ प्लेसेस", कोपऱ्यात बारीक "तुरळक". तू आठवायचं, मोठ्यानं बोलायचं, मग पलटवायचं. आठवलं नाही तरी लगेच पलटवू नको, थोडी धडपड कर, शिकणं त्या धडपडीतच होते.

हे मी मनानं सांगत नाही. २००८ मध्ये अमेरिकेत कार्पिके अन् रोडिगर यांनी विद्यार्थ्यांना आफ्रिकेतल्या स्वाहिली भाषेचे शब्द इंग्रजी अर्थासकट शिकवले. ज्यांनी शब्द एकदा आल्यावरही स्वतःची परीक्षा घेत राहिले त्यांना आठवड्यानंतर ८० टक्क्यांच्या आसपास शब्द आठवले, ज्यांनी परीक्षा बंद करून नुसतं पुन्हा पुन्हा वाचलं त्यांना ३५ टक्क्यांच्या आसपास. अन् गंमत म्हणजे शिकताना दोन्ही गटांना आपल्याला किती आठवेल याचा अंदाज जवळपास सारखाच होता. म्हणजे वाचताना "हाव, हे तर येते मले" असं जे वाटते ना, त्यावर भरवसा ठेवायचा नाही. डोळ्याला ओळखीचं वाटणं वेगळं अन् डोक्यातून बाहेर काढता येणं वेगळं.

कार्डांसाठी चपलेचा खोका घे, त्यात पुठ्ठा टाकून पाच खण कर. नवं कार्ड पहिल्या खणात, तो रोज बघायचा. बरोबर आलं की दुसऱ्यात, तो दोन-तीन दिवसांनी. मग आठवड्यानं, पंधरा दिवसांनी, महिन्यानं. कुठंही चुकलं की कार्ड परत पहिल्या खणात. ही पद्धत सेबास्टियन लाइटनर नावाच्या जर्मन पत्रकारानं १९७२ मध्ये मांडली, आता अंकी म्हणून अ‍ॅप आहे, अँड्रॉइडवर फुकट, ते असाच हिशोब आपोआप करते. ज्याला मोबाईल हातात घेतला की रील्समध्ये अर्धा तास जाते त्यानं खोकाच वापरावा असं माझं स्पष्ट मत आहे. अन् रोज नवे शब्द पन्नास नाही, आठ ते दहा. दहा पक्के झाले तर महिन्याला तीनशे, वर्षाला तीन हजारांच्या वर जातात, तुझं अख्खं पुस्तक तेवढंच असेल.

मुळं शिकावी का, म्हणजे रूट वर्ड्स? हाव, शिकावी, अन् आपल्याला यात एक फायदा आहे जो इंग्रजी मीडियमवाल्या पोरांना कोणी सांगत नाही. विल्यम जोन्स म्हणून कलकत्त्याला न्यायाधीश होता, त्यानं १७८६ मध्ये मांडलं की संस्कृत, ग्रीक अन् लॅटिन या एकाच मूळ भाषेतून निघाल्या असाव्या. इंग्रजीतले अवघड शब्द बहुतेक लॅटिन-ग्रीकमधून आलेले, अन् मराठीतले संस्कृतमधून, म्हणून चुलत नातं निघते. डेंटल मधला डेंट अन् आपला दंत. मॉर्टल, इम्मॉर्टल, पोस्टमॉर्टम मधला मॉर्ट अन् मृत. इग्नाइट मधला इग्नि अन् अग्नि. नॉव्हेल, इनोव्हेट, रेनोव्हेट, नॉव्हिस मधला नोव्ह अन् नव. व्होकल, अ‍ॅडव्होकेट, रिव्होक मधला व्होक अन् वाचा. अ‍ॅनार्की मधला "अ‍ॅन" आणि अनर्थ मधला "अन्" एकच काम करतात, नकाराचं. सातवीत परिमिती शिकली ना, इंग्रजीत पेरिमीटर, त्यातला पेरि म्हणजे परि अन् मीटर म्हणजे मिती, दोन्ही अर्धे नात्यातले. मग पेरिफरी आला की कडेचा, परिघाचा भाग हे कळायला डिक्शनरी कशाला.

नातं सहज न दिसणारी लॅटिन मुळंही थोडी पाठ कर. बेने म्हणजे चांगलं, मॅल म्हणजे वाईट, त्यातून बेनेव्होलंट, मॅलेव्होलंट. डिक्ट म्हणजे बोलणं, डिक्टेट, कॉन्ट्राडिक्ट, व्हर्डिक्ट. लोक्व म्हणजेही बोलणं, एलोक्वंट, लोक्वेशस, कलोक्विअल. तीस-चाळीस मुळं पुरेत, शंभराच्या मागं लागू नको.

पण मुळावर आंधळा विश्वास नको. इनव्हॅल्युएबल म्हणजे किंमत नसलेलं नाही, अनमोल. इनफ्लेमेबल म्हणजे न पेटणारं नाही, पटकन पेटणारं, टँकरवर लिहिलेलं असते. नाइस चं लॅटिन मूळ अडाणी अशा अर्थाचं आहे, आज कोण तसं वापरते? अन् सारखं दिसलं म्हणून नातं असतेच असं नाही, बॅड अन् बदनाम मधला बद यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. मूळ अंदाजासाठी, पक्कं करायला वाक्य.

उच्चाराचं थोडक्यात. पाठांतर करताना मनातल्या मनात चुकीचा उच्चार बसला की पुढं ऐकताना शब्द ओळखूच येत नाही. सटल मध्ये बी ऐकू येत नाही, डेट म्हणजे कर्ज त्यातही नाही. डेब्री च्या शेवटी एस आहे तो गप्प. इपिटमी ला पोरं एपिटोम म्हणतात, हायपर्बली ला हायपरबोल. कार्ड लिहिण्याआधी ऑनलाइन डिक्शनरीत स्पीकरचं बटण दाबून दोनदा ऐक अन् मोठ्यानं म्हण, घरचे हसले तर हसू दे. जुळे शब्दही असेच कानातून वेगळे कर, प्रिस्क्राइब म्हणजे घ्यायला सांगणं अन् प्रोस्क्राइब म्हणजे बंदी घालणं, एका अक्षरात अर्थ उलटते.

आता अर्थ मराठीत का इंग्रजीत. पहिल्यांदा मराठीत लिही, बिनधास्त. मराठीत विचार करणाऱ्या पोरीनं इंग्रजी अर्थ पाठ करायचा, त्यातले दोन शब्द पुन्हा शोधायचे, हा वेळेचा नास आहे. फक्त मराठी अर्थ पुस्तकी लिहू नको. एक्झॅसरबेट समोर "तीव्र करणे" लिहिण्यापेक्षा "आधीच बिघडलेलं आणखी बिघडवणं" लिही, जखमेवर मीठ चोळणं हे लगेच डोक्यात येईल. चौथ्या-पाचव्या खणात कार्ड गेलं की मग लर्नर्स डिक्शनरीतला इंग्रजी अर्थ बघून घे, तोपर्यंत तो समजायला लागलेला असते. अन् परीक्षेत पर्याय इंग्रजीतच असतात, म्हणून तिथपर्यंत पोचणं गरजेचं आहेच.

परीक्षेच्या दोन महिने आधी नवे शब्द जवळजवळ बंद कर अन् जुने पेपर घे. एसएससीच्या जुन्या पेपरांत तेच तेच शब्द फिरून येतात, पर्यायातले चारही शब्द बघायचे, बरोबर उत्तराचाच नाही, कारण आजचा चुकीचा पर्याय पुढच्या पेपरात प्रश्न होऊन येते. २०२३ च्या तलाठी भरतीत शंभरपैकी २५ प्रश्न इंग्रजीचे होते, प्रत्येकी दोन मार्क, अन् चुकीला मार्क कापले नव्हते, तसंच पुन्हा असेल तर एकही प्रश्न सोडायचा नाही. एसएससी सीजीएलच्या, म्हणजे पदवीधरांसाठीच्या परीक्षेच्या, पहिल्या टप्प्यात इंग्रजीचे २५ प्रश्न, तेही दोन मार्कांचे, पण चुकीला अर्धा मार्क जाते. तिथं शब्द अनोळखी असला तरी मुळावरून अन् अधिक-वजा रंगावरून दोन पर्याय उडवता आले तर ठोक, कारण राहिलेल्या दोनात बरोबर आलं तर दोन मिळतात अन् चुकलं तर अर्धाच जाते. फॉर्म भरताना त्या वर्षीची जाहिरात पूर्ण वाच, पॅटर्न बदलत राहतो.